आईला ऐकू जाईल असा आवाज

प्रिय वहिनी,

दोन महिने झाले, मी घराकडे फिरकलो नाही. गॅरेजात काम फार आहे, असा आईला निरोप धाडत राहिलो. तुला ते पटलं नसणार, हेही मला ठाऊक आहे. काम नेहमीइतकंच आहे. तुझ्यासमोर बसून एक गोष्ट सांगायची होती, तेवढी हिंमत झाली नाही. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहितोय. ऑइलचे डाग पडलेत, तेवढे चालवून घे.

सायलेन्सर बदलायचं खूळ दादाच्या डोक्यात कसं शिरलं, आठवतं ना? आईच्या कानांनी बारीक आवाज केव्हाच सोडून दिले होते. दाराची बेल, फोनची रिंग, तुझी हाक, सगळं गेलं. जड, घुमणारा आवाज मात्र तिला कळायचा. वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवलं की ती मान वर करायची. दादा पिकअप घेऊन परतायचा तेव्हा ती खुर्चीत पाठमोरी बसलेली असायची आणि त्याचा हात खांद्याला लागला की दचकायची. ते दचकणं त्याला बघवत नव्हतं. मी कोपऱ्यावर वळलो की आईला कळलं पाहिजे, असा आवाज दे गाडीला, म्हणाला. तू केवढं चिडवलंस त्याला! पन्नाशीला टेकलेला माणूस आता कॉलेजातल्या पोरांसारखी गाडी गुरगुरवत फिरणार म्हणून आठवडाभर हसत होतीस.

दोन दिवस राबलो. जाड पाइप, मोठा डबा, खालून भरदार आवाज. पहिल्यांदा घरापुढे आणली तेव्हा खिडकीची काच थरथरली आणि आई उठून दारात आली, आला गं, आला, म्हणून तुला हाका मारत. दादाचे डोळे भरले होते. डोळ्यात धूळ गेली, म्हणाला. पुढचे सात महिने तो रोज कोपऱ्यावर मुद्दाम एकदा गॅस द्यायचा, आणि तो हात-पाय धुईपर्यंत आईने चहा ठेवलेला असायचा. मीही भेटेल त्याला ही गोष्ट ऐकवत फिरलो.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. तो पाइप मागच्या एक्सलवरून वळवून गाडीच्या टोकापर्यंत न्यायला हवा होता. माझ्याकडच्या यंत्रात एवढा जाड पाइप वाकत नाही. बाहेरून वाकवून आणायला आठवडा गेला असता, आणि दादाला घाई होती. मी तो केबिनच्या मागेच, हौद्याखाली कापला. तिथे कापला की आवाज आणखी खोल येतो, हे मला माहीत होतं. धूर गाडीच्या पोटाखालीच कोंडतो, हेही माहीत होतं. चालती गाडी आहे, वाऱ्याने निघून जाईल, अशी मी मनाची समजूत घातली. केबिनमध्ये गिअरच्या बुडाशी असलेलं, खालचा धूर अडवणारं रबर फाटलं होतं, तेही पाहिलं होतं. पुढच्या खेपेला बदलू, म्हटलं.

त्या दिवशी दादा सर्दीने बेजार होता. सकाळी डब्याबरोबर तू त्याला गोळी दिलीस. दुपारी गोदामाच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. भिंतीच्या कडेला, काचा बंद करून, एसीसाठी इंजिन चालू ठेवून तो तीन तास थांबला आणि त्यातच त्याचा डोळा लागला. झोपेत हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. पुढे कुणी काही विचारलं नाही. गाडी बंद इंजिनाने, दोर लावून ओढत घरी आणली, म्हणून आईला काहीच ऐकू आलं नाही. आपण आत गेलो तेव्हा ती पाठमोरीच बसली होती.

तिसऱ्या दिवशी मी केबिनमधलं मॅटिंग उचललं. फाटक्या रबराभोवती वीतभर काजळी होती. वहिनी, दादा धुराने गुदमरून गेला. त्याच दुपारी मी जुना पाइप परत बसवला आणि काजळी पुसून काढली. भावाच्या आठवणीने गाडीशी झटतोय बिचारा, असं तुम्हा सगळ्यांना वाटलं. मी माझी चूक लपवत होतो.

काल आई चालत गॅरेजात आली. तिला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे तिने सांगितलेलं सगळं शेजारच्या टायरवाल्यालाही ऐकू गेलं. चार दिवस तिच्या अंगात ताप आहे. घरातल्या सगळ्या गोळ्या तू मोरीत ओतल्यास. तिने मागितली तर तू हात मागे घेतलेस आणि रडत राहिलीस. शेवटी कागदावर लिहून दिलंस, की यांना मीच झोपवलं, आता माझ्या हातून कुणाला काही नको. तो कागद आईने माझ्या हातात ठेवला. अजून खिशात आहे. वहिनी, सर्दीच्या गोळीने माणूस झोपतो आणि उठतो. दादा उठला नाही तो माझ्या पाइपामुळे. रविवारी तो पाइप घेऊन येतो. तो पोलिसांना दाखवायचा की आणखी कुणाला, ते तू ठरव. मी नाही म्हणणार नाही. दार उघडलं नाहीस तर पायरीवर ठेवून जाईन. पण तोवर थांबू नकोस. आज आईला गोळी आणून दे. तुझ्या हाताने दे.

तुझाच,
धाकटा