पटकी, कंदील आणि बाजा

उत्तन, ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८६०

शिसारी आली आज. पटकीच्या साथीवर जादूच्या कंदिलाचं व्याख्यान. पडद्यावर विहीर, विहिरीखाली मजकूर, तोच मजकूर डॉक्टर ओरडून वाचतायत, आणि वर ग्रामोफोनचा बाजा! माणसानं पाहावं, वाचावं की ऐकावं? मजकूर तरी कुणाचा? माझाच, डॉक्टरांनी लिहून घेतलेला. ‘क्वथित उदकच प्राशन करावे.’ चार दिवस मिरवलो त्यावर!

नातवाला जुलाब, म्हणून मारीबाय मुद्दाम आलेली. परतताना तिच्या दारात विचारलं, “काय समजलं?”

“बाजा झ्याक व्हता, भटजी.”

चुलीकडे बोट दाखवलं. “भाताच्या आधणासारखं पाणी खळखळू दे. निववून तेच पोराला पाज.”

“येवढंच? मंग तिथं कशापायी न्हाय सांगलं?”

सांगितलं होतं, बाई. अर्धं मी संस्कृतात पुरलं, उरलेलं बाजानं.

आत गेलो. वाकून चुलीत फुंकर घातली.