साईरामला मराठी येत नाही

तंजावूर, बुधवार

प्रिय गायत्री,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील की एवढं वेडंवाकडं देवनागरी लिहिणारा माणूस तुझ्या ओळखीत एकच आहे. नानांनी आपल्या दोघांना पाटी देऊन बसवलं, तू दोन महिन्यांत सुटलीस आणि मी वर्षभर ‘क्ष’साठी मार खाल्ला. पुढे चाळीस वर्षं कृषी खात्यात तमिळमध्ये फायली लिहिल्या, तेव्हा वेलांट्या चुकल्या तर मास्तरीणपणा करू नकोस. शिवाय डावा हात गळ्यात बांधलेला आहे, कागद सारखा सरकतो. फोन न करता पत्र का, ते शेवटी सांगतो. येत्या सोमवारी मला न्यायाधीशांसमोर जबाब द्यायचा आहे, भरद्वाजच्या खुनाचा. त्याआधी सगळं तुझ्या कानावर घालायला हवं. चूक झाली, कानावर नको. तुला पत्र काय, वर्तमानपत्रही मोठ्यानं वाचायची खोड आहे, ती आज आवर आणि हे मनातल्या मनात वाच.

कामाक्षी बरी आहे म्हणायची. माझ्याशी बोलत नाही, पण ताट वाढते. परवा तू तिला फोनवर आंबट भाजीची कृती विचारलीस म्हणे, आणि तिनं अर्धा तास लावून ती सांगितली. मला नवल वाटलं, कारण चिंचेचं काही खाल्लं की तुझं तोंड सोलून निघतं हे मी लहानपणापासून बघतो आहे. असो. माझ्याशी मात्र तू दर शनिवारी तासभर बोलणारी, गेले दोन शनिवार तीन मिनिटांत फोन ठेवते आहेस.

भरद्वाजला तू विसरली नसशील. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीतला, तुझ्या रिबिनी विहिरीत टाकणारा. पुढे तो पापनाशमजवळच्या गावात शेती करायला गेला, विरोधी पक्षात शिरला आणि तीस वर्षं तिथल्या बूथवर त्यांचा एजंट राहिला. नानांच्या जमिनीमुळे आपली मतंही अजून त्याच गावात आहेत, त्यामुळे दर निवडणुकीला जेवण त्याच्याकडे. यंदा आमदार वारले आणि पोटनिवडणूक लागली. जागा विरोधकांची, तीनदा सलग राखलेली, आणि ती या खेपेला हिसकावायचीच असं सत्तेतल्यांनी ठरवलेलं. मंत्री गावात मुक्काम ठोकून बसले. आठ दिवसांत भरद्वाजचे चार माड तोडले, अंगणात लावलेली स्कूटर जाळली, त्याच्या गड्याला कालव्यात बुडवून बुडवून अर्धमेला केला. आपला साईराम त्याच सत्तेतल्या पोरांत होता, हे तुला ठाऊक आहेच. इंजिनिअर होऊन तीन वर्षं घरी लोळणारा मुलगा पहाटे उठून पक्षाच्या रंगांच्या किनारीची वेष्टी नेसतो आणि बाहेर पडतो, याचं मला बरंच वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

मतदानाच्या दिवशी बारा वाजता शाळेत त्यांची माणसं घुसली. बायकांची रांग ढकलून पाडली, एका म्हातारीच्या डोक्यात बाक घातलं, मतदान अधिकाऱ्याला भिंतीशी कोंबलं आणि वीस मिनिटं यंत्राचं बटण दाबत राहिली. भरद्वाज बाहेर निसटला, त्यानं खिडकीतून हे सगळं मोबाइलवर टिपलं आणि शेतांतून पळाला. निवडणुकीचे निरीक्षक पाच वाजता गावात येणार होते. त्यांच्या हातात तो फोन ठेवायचा, एवढंच त्याला करायचं होतं.

एक वाजता त्यानं मला फोन केला. मी गावातल्या बसथांब्यावरच्या चहा-कापीच्या दुकानात होतो आणि आजूबाजूला सगळी सत्तेतलीच माणसं, हातात काठ्या, सायकलच्या चेनी. ती त्यालाच शोधत होती. तो मराठीत बोलला, मीही मराठीत बोललो. आपण जन्मभर हेच करत आलो ना गं? दुकानात साडी पटली नाही की मराठी, बसमध्ये शेजारणीची कुचाळकी करायची झाली की मराठी. चारचौघांत बसून खाजगी बोलायची एवढी सोय दुसऱ्या कोणाला नसेल. त्या माणसांच्या नाकासमोर, आवाज नीट पोचत नव्हता म्हणून चांगला मोठ्यानं, मी त्याला सांगितलं की चिदंबरच्या शेतातल्या पंपाच्या मोटरखोलीतच बस, आतून कडी घाल, चारच्या सुमारास मी मोपेड घेऊन येतो. फोन ठेवल्यावर मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. पलीकडच्या बाकावर साईराम बसला होता, त्याला मी खुणेनंच विचारलं, कापी घेणार का. त्यानं मान हलवली आणि उठून गेला.

मी पावणेचारलाच पोचलो, तरी उशीर झाला होता. मोटरखोलीचं दार पहारीनं उचकटून शेतात फेकलेलं. भरद्वाजला त्यांनी बांधावर ओढून आणलं होतं, सहा-सात जण होते. एक त्याच्या छातीवर बसून तोंडावर दगड हाणत होता. फोन मुठीतून सुटत नव्हता, तेव्हा एकानं त्याचा उजवा हात पायाखाली दाबला आणि दुसऱ्यानं कोयता घातला, एकदा नाही, तीनदा. फोन कालव्यात गेला. हाताचं काय झालं ते मी लिहीत नाही. मी ओरडत धावलो, माझ्या खांद्यावर लोखंडी गज बसला, हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला आणि मी नव्या लावणीच्या चिखलात तोंडावर पडलो. तिथून मला फक्त त्यांचे पाय दिसत होते आणि भरद्वाजचे टाचा घासणारे पाय दिसत होते. मग तेही थांबले. सगळ्यांनी टॉवेलनं तोंडं बांधली होती, असं मी पोलिसांना सांगितलं.

तीन दिवस तो दवाखान्यात शुद्धीवर न येता पडून होता. मतमोजणीच्या दिवशी सकाळी दहाला गेला. दुपारी निकाल लागला, सत्तेतला पक्ष अकरा हजारांनी जिंकला आणि पंधरा वर्षांची जागा गेली. संध्याकाळी त्यांची मिरवणूक मुद्दाम भरद्वाजच्या घरावरून नेली. प्रेत नुकतंच अंगणात आणलं होतं. त्यांनी फटाक्यांची पेटती माळ मांडवात फेकली, झावळ्यांनी पेट घेतला, बायका किंचाळत सुटल्या आणि भरद्वाजच्या बायकोनं प्रेतावर आडवं पडून ते झाकलं. तिच्या पाठीवर निखारे पडले. मी गळ्यात हात अडकवून उभा होतो आणि ढोलाच्या तालावर पुढे सरकणाऱ्या जीपकडे बघत होतो. जीपवर, नव्या आमदाराच्या मागे, हार घातलेला साईराम होता. त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, तेवढं मी बाप म्हणून लिहितो.

आता माझं पाप ऐक. भरद्वाजनं शेवटचा फोन मला केला होता, हे पोलिसांना फोन कंपनीकडून कळलं. काय बोललात, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मत दिलंस का, एवढंच विचारत होता. बस्स, एवढं एकच वाक्य. मग तो मोटरखोलीत लपला आहे हे माहीत असणारा दुसरा कोण? खोलीचा मालक. त्यांनी चिदंबरला उचललं. ज्या माणसानं जीव धोक्यात घालून भरद्वाजला आसरा दिला, वर भात आणि ताक पोचवलं, त्याच्यावर ठपका आला की यानंच खबर दिली. कोठडीत त्याला असा बडवला आहे की कोर्टात आणला तेव्हा दोन शिपायांनी धरून उभा केला. त्याची बायको रोज सकाळी पापनाशमहून पहिल्या बसनं येते आणि आमच्या ओट्यावर बसते. ओरडत नाही, शिव्या देत नाही. तमिळमध्ये एकच विचारते, अय्या, भरद्वाज तुमच्याशी फोनवर शेवटचं काय बोलला? मी आत जातो. कामाक्षी तिला कापी देते, ती घेत नाही.

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साईराम घरी आला, तेव्हा मी त्याला दारातच मारलं. एका हातानं जेवढं मारता येईल तेवढं मारलं, नाकातून रक्त आलं तरी मारलं. त्यानं हात उचलला नाही. मी थकल्यावर तो तमिळमध्ये बोलायला लागला आणि थांबेचना. म्हणाला, लहानपणापासून तुम्ही दोघं माझ्यासमोर बसून माझ्याबद्दल मराठीत बोललात. हा मठ्ठ आहे, हा आपल्यात शोभत नाही, गायत्रीचा मुलगा बघा आणि हा बघा. वीस वर्षं एक-एक शब्द मला समजला. तुम्हाला वाटलं, हा भिंतीसारखा बसला आहे. त्या दुपारी ते सगळे भरद्वाजला शोधत होते, कोणालाच काही कळत नव्हतं आणि मला एकट्याला कळलं. पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं. मी सांगितलं. फोन हिसकावून घेऊ, दोन थपडा देऊ, एवढंच ते म्हणाले होते.

गायत्री, मी जगाला सांगत फिरलो की साईरामला मराठी येत नाही. तू सुट्टीला बंगळूरहून यायचीस तेव्हा तुझ्याशीही त्याच्यासमोरच बोलायचो. एकदा तू म्हणालीस, अण्णा, मुलाला ऐकू जातं आहे, आणि मी हसून म्हणालो, जाऊ दे, त्याला काय कळतंय? आपली मावशी त्याच्याशी मराठी बोलायची, तो तमिळमध्ये उत्तर द्यायचा, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. आणि खरं सांगू? त्यानं घरी येऊन सांगायच्या आधीच मला माहीत होतं. मी चिखलात पडलो होतो आणि गज दुसऱ्यांदा वर उचलला गेला, तेव्हा बांधावरच्या एकानं तोंडावरचा टॉवेल खाली ओढला आणि इतर कोणाला कळू नये म्हणून आपल्या भाषेत ओरडला, “अप्पा, तुमी जा! जा मणतो की! तुमास मारतील हे!” माझ्या मुलाच्या तोंडून ऐकलेलं पहिलं मराठी वाक्य ते. किती स्वच्छ बोलला गं. नानांसारखा हेल होता. मग त्यानंच मध्ये पडून गज धरला, म्हणून मी आज पत्र लिहितो आहे. पण भरद्वाजसाठी तो मध्ये पडला नाही.

मी त्याला मारलं त्याच दिवशी कामाक्षीनं त्याची पिशवी भरून दिली आणि तो निघून गेला. कुठे ते तिनं मला सांगितलं नाही. काल मी तिला म्हणालो की सोमवारी मी खरं बोलणार आहे. तेव्हा पंधरा दिवसांनी ती माझ्याशी बोलली. म्हणाली, “बोलून एकाचा जीव घेतलांत, आतां बोलून आपल्या लेंकराचाही घेणार?” पण रोज सकाळी ओट्यावर ती बाई बसलेली असते, हे मला दिसतं.

आंबट भाजी तू कोणासाठी केलीस, हे मी विचारत नाही, कारण मला ठाऊक आहे. तुझा मोबाइल हल्ली कोण उचलतं, तेही ठाऊक आहे. म्हणून फोन नाही, म्हणून ही नानांची लिपी, जी तुला येते आणि त्याला येत नाही. आधी तुला एकटीला कळावं, तुझं मन तयार व्हावं, एवढ्यासाठी हा आटापिटा. हे पत्र तुला शनिवारी दुपारी मिळेल. आता ऊठ, तो घरात जिथे असेल तिथे जा, त्याच्यासमोर बस आणि इथून पुढचं मोठ्यानं वाच. साईराम, तुला समजतं हे माहीत असताना मी आज पहिल्यांदाच तुझ्याशी मराठीत बोलतो आहे. सोमवारी मी आधी माझं नाव सांगणार आहे, कारण जागा मोठ्यानं सांगितली ती मी. मग मी पोलिसांशी खोटं बोललो ते सांगणार आहे. आणि मग तुझं नाव घेणार आहे. तू पळालास तरी घेणार आहे. रविवारी संध्याकाळी बंगळूरहून निघणारी गाडी सोमवारी पहाटे तंजावूरला येते. मी फलाटावर उभा असेन. तू उतरलास तर आपण आधी ओट्यावर बसलेल्या त्या बाईला भेटू आणि मग दोघं मिळून कोर्टात जाऊ, म्हणजे तुझं तुला सांगता येईल. मी तुझ्याबद्दल तुझ्यासमोर पुष्कळ बोललो, बाळा. या वेळी तू बोल, मी ऐकतो.

तुझाच,
अण्णा