आतल्या खोलीतले भाडोत्री

३ मार्च १९९३
शांती नगरातल्या आमच्या फ्लॅटची आतली खोली भाड्याने दिली. मितेश आणि हेमाली, नवीन जोडपं, दोघंही नोकरीला. हॉलमध्ये मी आणि शुभदा. किचन कॉमन. अकरा महिन्यांचा करार मीच लिहिला. वकील कशाला? भाडोत्री म्हणजे बोट दिलं की हात धरणार. चौदा नियम टाइप करून भिंतीवर लावले. शुभदा म्हणाली, "अहो, ही खोली आहे की तुरुंग?" बायकांना ॲडमिनिस्ट्रेशन कळत नाही.

१९ मार्च, सकाळी ७
हेमाली बाथरूममध्ये तेरा मिनिटं. परवानगी आठची. बाहेर आल्यावर घड्याळ दाखवलं, तर "गुड मॉर्निंग अंकल" म्हणाली. उर्मट.

२ एप्रिल
खोलीत स्टोव्हला बंदी आहे, तरी दोघं आत चोरून पेटवत असणार. मितेशला हटकलं. म्हणतो, "काका, कधीपण या, फक्त दार वाजवा." मालकाने स्वतःच्या घराचं दार वाजवायचं! मूर्ख.

६ एप्रिल, दुपारी १
हाफ डे टाकला. दोघं कामावर, असा हिशोब. डुप्लिकेट किल्लीने आत शिरलो. स्टोव्ह सापडला नाही, हेमाली सापडली. तापाने फणफणलेली, डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेली. अशी किंचाळली की शेजारच्या चंपाबेन लाटणं घेऊन धावत आल्या. मी "इन्स्पेक्शन" म्हणालो. चंपाबेनना इंग्रजी येत नसावं.

७ एप्रिल
शुभदाने किल्ली काढून घेतली. मितेश शांतपणे म्हणाला, "काका, भाडं आम्ही देतो, तर खोली आमची आहे. विचारल्याशिवाय यायचं नाही." भाडोत्री मला कायदा शिकवतोय! हाकलणारच.

१२ एप्रिल
सोसायटीचे सेक्रेटरी रामनाथ म्हात्रे यांच्याकडे तक्रार केली. मूळचे इथल्याच मोरवा गावचे, बाप मिठागरात कामाला. करार वाचून म्हणाले, "गुणवंतराव, म्हयन्याची नोटीस दिल्याबिगर कोनाला काढता येनार न्हाय. तुमीच लिवलाय. आन् आजारी पोरीच्या खोलीत शिरलात, त्याचं काय?"
मिठागरवाल्यांशी कायद्यावर बोलण्यात अर्थ नाही.

३ मे, दुपारी २
रविवार असता तर दोघंही घरात सापडले असते, पण आज निदान हेमालीची रजा आहे. मीही टाकली. त्यांच्या खोलीचा फ्यूज काढतोय. उकाड्याने आपोआप जातील.

दुपारी २.१०
फ्यूज अख्ख्या घराचा निघाला. घाईत हातातून पडून फुटला.

संध्याकाळी ७
मितेशने येताना नवा आणून बसवला. न विचारता! नियम अकरा : बोर्डाला हात लावायचा नाही. शुभदाने त्याला सरबत दिलं.

२० मे
त्यांनीच महिन्याची नोटीस दिली. लेखी. घाबरले शेवटी. मी जिंकलो.

२० जून
गेले. जाताना मितेशने भिंतीतली खिळ्यांची भोकं बुजवली, खोली पुसून घेतली. हेमाली शुभदाच्या गळ्यात पडून रडली. नाटकं. आता नीट पारखून भाडोत्री आणणार. एकटा, सरकारी नोकर, कमी पाणी वापरणारा.

११ ऑगस्ट
सात जण खोली बघायला आले. सगळे आधी चंपाबेनना भेटले. मला एकही भेटला नाही.

५ सप्टेंबर
हेमालीला दिवस गेलेत. डॉक्टरने पडून राहायला सांगितलंय. तिची आई भावनगरला. शुभदाने बॅग भरली. महिनाभर त्यांच्याकडे राहणार आहे. मी बजावलं, त्यांच्या घरमालकाला विचारलंय का? भाड्याच्या घरात असं कोणालाही ठेवता येत नाही. म्हणाली, "विचारलंय. तो म्हणाला, अवश्य या."

६ सप्टेंबर
दोन्ही खोल्या माझ्याच. सकाळपासून कुठे बसावं ते ठरत नाहीये.