ऊन, रिसेप्टर आणि वंदनाचा रिपोर्ट

५ एप्रिल, शनिवार
वंदनाच्या छातीतल्या गाठीचा तुकडा काल तपासायला दिला. रिपोर्ट मंगळवारी. मी बिलकुल घाबरलेलो नाही. सकाळपासून तीनदा दाढी केली, ती सवयीने.

६ एप्रिल
मोबाईलवर वाचले. कॅन्सरच्या पेशींत व्हिटॅमिन डीचे रिसेप्टर असतात. डी तिथे जाऊन बसले की पेशींची वाढ थांबते. पुढे 'प्रयोगशाळेतल्या बशीत' वगैरे बारीकसारीक होते, ते सोडून दिले. एकोणीस वर्षे बियाणे कंपनीचे ट्रायल प्लॉट सांभाळतोय, मुद्दा कुठे असतो ते मला कळते. डी उन्हातून मिळते. जालन्यात ऊन फुकट. डॉक्टरांना एवढे सुचू नये?
संकल्प: रोज अकरा ते बारा वंदना गच्चीवर.

७ एप्रिल
ट्रायल म्हटली की कंट्रोल प्लॉट आला. म्हणजे शेजारचा पट्टा, ज्याला काहीच द्यायचे नाही. मेहुणी मीना धावड्याहून बहिणीच्या सोबतीला आली आहे. तिला जिन्याच्या सावलीत बसवून शेजारी 'कंट्रोल' अशी पाटी रोवली. मीना म्हणाली, दाजी, मी काय सोयाबीन हाये का? वंदना उन्हात दहा मिनिटे बसली, मग म्हणाली, वरण लागून राह्यलंय, आणि खाली गेली. मागोमाग मीनाही. दोन्ही प्लॉट एकदम गेले.

८ एप्रिल, मंगळवार
रिपोर्ट आणायला निघालो. स्टेशन रोडला आठवले, गाडीची हवा तपासायची राहिली. हवा बरोबर निघाली. तोवर उशीर झाला. उद्या नक्की.

९ एप्रिल
लॅबच्या दारापर्यंत गेलो. फार मोठी लाईन. तीन माणसे. परत आलो.
वंदनाने विचारले, आणला का? म्हणालो, मशीन बंद आहे. ती बरं म्हणाली. तिला यातले काही कळत नाही, ते एका अर्थी चांगलेच.

१० एप्रिल
वंदना गच्चीवर यायला तयार नाही. मग संशोधकाने आधी स्वतःवर प्रयोग करावा. दुपारी एक ते तीन, उघड्या अंगाने. टोपी नाही, टोपीने डी अडते. पहिला तास छान गेला. दुसरा आठवत नाही.

११ एप्रिल
ऊन लागले म्हणतात. सलाईन. वंदना कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवते. रक्तात डी फक्त नऊ निघाले! शिवारात जन्म गेलेल्या माणसाचे! लॅबच चुकली. म्हणजे वंदनाचा रिपोर्ट वाईट आला तरी लॅबवाल्यांवर किती विश्वास ठेवायचा, ते ठरले. बरे वाटले.

१३ एप्रिल
उठून बसलो. काही झाले तरी उद्या रिपोर्ट आणायचाच. मीना म्हणाली, दाजी, उद्या सुट्टी हाये. नाइलाज.

१५ एप्रिल
गेलो. लाईन नव्हती. खिडकीतल्या बाईने रजिस्टर पाहिले. म्हणाली, हा तर आठ तारखेलाच नेला, पेशंट स्वतः आल्त्या, बहीण होती संगं. खाली वंदनाची सही.
घरी आलो तर वंदना पिशवीत कपडे भरत होती. म्हणाली, कॅन्सर हाये. जल्दी सापडला म्हणतात. गुरुवारी ऑपरेशन, संभाजीनगरला. माहेरून सोमेश्वरदादा गाडी घेऊन येऊन राह्यलाय.
मला का नाही सांगितले, विचारले. म्हणाली, मशीन बंद म्हणले तवाच, तुम्ही दारातून परत आलते ते मला कळलं न्हाई का? म्हटलं थोडा दम धरू. मंग तुम्हालाच सलाईन लागली.
मला भीती वाटते. पाच तारखेपासून वाटते आहे.
दवाखान्याच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते. वंदना म्हणाली, मीना करते म्हणती, पण तुम्ही केली तर मला बरं वाटंल. जमंल का?
जमेल म्हणालो. कागद हलू नये म्हणून तिनेच धरून ठेवला. सही झाल्यावर म्हणाली, बराबर आली.
वाकडी आली होती.