खाटेला झालेली कावीळ

मुंबई, फेब्रुवारी १९७२

राधाकृष्णाच्या आबांना दंडवत. पाया पडते, पण रागानंच. शब्द माझे, अक्षर सिस्टरबाईंचं.

आपल्या राधाकृष्णाचं बरं आहे. काळजातली, डॉक्टर लिव्हर म्हणतात त्यातली, कॅन्सरची गाठ कापली, जखम भरत आलीय. आज पेज पोटात राहिली. काल राहिली नव्हती, ते सूनबाईला सांगू नका.

तुमचा भाचा गहिनीनाथ सुप्याहून काविळीची माळ घेऊन आला. म्हणे, "मामा म्हनले, गाठ निघाली, आता औषध लई झालं. माळ घाला अन् घरी चला. माळ लांबली की रोग उतरला." तुमच्या लेखी काळजाचं दुखणं म्हणजे कावीळच! ती माळ मी खाटेच्या दांडीला टांगली. तिथंही चार बोटं लांबली. खाटेला काय कावीळ झाली होती?

डॉक्टर सांगतात, गाठ गेली तरी डोळ्यांना न दिसणारं बी मागं राहतं नि पुन्हा उगवतं. म्हणून बारीक नळीनं औषध थेट काळजाच्या शिरेत सोडतात. "शाश्वती देत नाही आजी, पण प्रयत्न सोडणार नाही," म्हणाले. परका माणूस असं म्हणतो! एकदा नांगरून हराळी मेली असं तुम्ही कधी मानलंत का? मग पोराच्याच बाबतीत एवढी घाई कसली?

म्हैस व्याली का? नातवंडं नीट जेवतात ना?

न्यायला येणार असाल तर येऊच नका. राहायला या. उशाशी मी बसलेली असते, आणि मेला झोपेत हाक तुम्हाला मारतो.

अंगठा गोजरबाईचा