बादशहाला धाडलेलं बोलावणं

आबा, तुमचा तो मेक्सिकोच्या बादशहाचा जुना सिनेमा मी परवा पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला. शनिवारची दुपार होती, घरात कोणी नव्हतं. टीव्हीवर चाळता चाळता तो दिसला आणि मी घड्या घालायचे कपडे बाजूला सारून समोर बसले. तुम्ही होतात तेव्हा एकदाही धड बसले नाही. लायब्ररीतून तुम्ही ती डीव्हीडी आणायचात, परत करायचात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच घेऊन यायचात. मी म्हणायचे, "अहो आबा, लायब्ररीत दुसरं काही मिळत नाही का?" तुम्ही म्हणायचात, "मिळतं की. पण ह्या माणसाचं नेमकं काय चुकलं, ते अजून माझ्या लक्षात येत नाहीये." जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, आता सुटत नाही, असं मनात म्हणून मी ऑफिसच्या कॉलवर जायचे.

गोष्ट मात्र तुम्ही मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली होती, मी पोळ्या लाटत असताना. युरोपातला एक राजपुत्र, तसा भला माणूस. त्याच्याकडे काही लोक कागदांचा गठ्ठा घेऊन येतात आणि सांगतात, मेक्सिकोच्या जनतेला तुम्हीच बादशहा म्हणून हवे आहात, ह्या बघा सह्या. तो विश्वास ठेवतो, बायकोला घेऊन समुद्र ओलांडतो. पोचल्यावर कळतं की सह्या धाकाने घेतलेल्या होत्या, आणि देशाला स्वतःचा अध्यक्ष आधीपासूनच आहे. काळ्या कोटातला, कमी बोलणारा, तिथल्याच मातीतला. दोघं शेवटपर्यंत लढतात, पण समोरासमोर कधी येत नाहीत. "दोघांतला वाईट कोणीच नव्हता गं," तुम्ही म्हणायचात, "एका घरात दोन राज्यं झाली, एवढंच." शेवटी बादशहा पकडला जातो, त्याच्यासमोर शिपाई बंदुका उचलतात आणि तिथे तुम्ही रिमोट दाबायचात. पुढे काय होतं म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणालात, "पुढचं मला बघवत नाही." मला वाटलं, सिनेमा तिथेच संपत असेल.

आबा, मला त्या पत्राबद्दल लिहायचं आहे. आई गेल्यावर तुम्ही पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटे होतात. मी दर रविवारी फोन करायचे आणि तुम्ही म्हणायचात, मी ठीक आहे, तिकडे येऊन काय करू, उगाच तुम्हाला अडचण. मग एके दिवशी मी दोन्ही मुलांना डायनिंग टेबलाशी बसवलं आणि कागदावर मराठीत लिहून दिलं, आजोबा, आम्हाला तुमची फार आठवण येते, आमच्याकडे कायमचे राहायला या. मुलगी आठ वर्षांची, मुलगा सहाचा. जीभ बाहेर काढून दोघं एकेक अक्षर बघून काढत होते. "मॉम, व्हॉट डझ इट से?" तिने विचारलं. "लिही गं आधी, मग सांगते," मी म्हणाले, आणि सांगायचं राहून गेलं. खाली मी तुमच्या जावयाचीही सही घेतली. त्यांनी लॅपटॉपवरून मान न उचलता केली. त्या एका कागदावर तुम्ही फ्लॅट विकलात, आणि व्हिसाचं काम झाल्यावर दोन बॅगा घेऊन इथे अमेरिकेत, अर्विंगला आलात.

आणि आपली दोघांची राज्यं सुरू झाली. सकाळी गराजचं दार पूर्ण उघडून तुम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसता आहात, येणाऱ्याजाणाऱ्याला खणखणीत "गुड मॉर्निंग" म्हणता आहात. शाळेतून आल्याआल्या मुलांना पाढ्यांना बसवता आहात. मुलं माझ्याकडे कुरकुरतात. मग वसाहतीच्या असोसिएशनची नोटीस आली, गराजचं दार दिवसभर उघडं ठेवू नये. ती हातात घेऊन मी स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "आबा, हे घर माझं आहे. इथे माझे नियम चालतील." तुम्ही कांदेपोहे परतत होतात. गॅस बंद केलात, "बरं" म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विचारायला लागलात, चहा टाकू का, खिडकी उघडू का. मला वाटायचं तुम्ही टोमणे मारताय. मी चिडून "विचारता काय आबा," म्हणायचे. घर तुमचंही आहे, हे मात्र म्हणाले नाही.

मग तो रविवार. तुम्ही पासपोर्टच्या कव्हरातून ते पत्र काढलंत आणि नातीला जवळ बोलावलंत. "किती छान अक्षर आहे तुझं. वाच बरं मला." तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "आय कान्ट रीड धिस, आजोबा. मॉमने लिहून दिलं होतं. वी जस्ट कॉपीड इट." मी कोबी चिरत होते. सुरी थांबली. तुम्ही ओरडाल म्हणून वाट पाहिली. तुम्ही कागद त्याच घड्यांवर पुन्हा मिटलात आणि "असं होय" म्हणून खोलीत गेलात. ती डीव्हीडी घरात पहिल्यांदा आली ती त्याच आठवड्यात. ह्या दोन गोष्टी मी परवापर्यंत कधी जोडल्या नव्हत्या. परत जायला पुण्यात घर उरलं नव्हतं. तुम्ही इथे दोन हिवाळे काढलेत आणि दुसऱ्यात, जेवणानंतर खुर्चीत डोळा लागला तो उघडला नाही. त्याला बारा वर्षं झाली. पत्र पासपोर्टच्या कव्हरातच होतं.

सिनेमा बंदुकांपाशी संपत नाही, आबा. तुम्हाला ते ठाऊकच असणार. पुढे तो काळ्या कोटातला अध्यक्ष एकटा देवळात येतो, बादशहाच्या शवपेटीपाशी उभा राहतो आणि क्षमा मागतो. जिंकलेला माणूस, आणि ऐकायला समोर कोणी नाही. मी ते दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा रडले. तुम्हाला ते खरंच बघवत नव्हतं, की मी बघू नये असं वाटत होतं, हे आता कोणाला विचारू?

मुलांना तेव्हा तुमची आठवण वगैरे येत नव्हती. ती तुम्हाला फोनवरच ओळखत होती. जावयांनी नुसती सही केली होती. ह्या घरात आपण कोणालाच नको होतो, असं समजून तुम्ही गेलात, आणि त्या कागदापुरतं ते खरंही होतं. पण आई गेल्यावर इथे मला फार एकटं वाटायचं, आबा. बेचाळिसाव्या वर्षी वडिलांना तसं सांगायची लाज वाटली, म्हणून मी मुलांना पुढे केलं. हे पत्र मी तुमच्या पासपोर्टच्या कव्हरात ठेवणार आहे, त्या कागदाच्या मागे. तुम्ही मला हवे होतात, आणि ज्या कागदावर विश्वास ठेवून तुम्ही आलात, त्यावर नाव नव्हतं ते फक्त माझं.