शेळीचा डावा गाल

४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काम निघालं म्हणून पत्र, हे तुला कळणारच. जुन्या तैलचित्रांतल्या बड्या लोकांच्या रुबाबात मी मातीची जनावरं घडवते. यंदा एक म्हातारी शेळी घेतली आहे. समोर चित्र आहे ते जुन्या काळच्या एका बाईचं. गळ्याभोवती ताटाएवढी चुण्यांची कॉलर, मान पुरती एका बाजूला वळवलेली. त्यामुळे तिचा डावा गाल चित्रात दिसतच नाही. मूर्तीभोवती मात्र लोक फिरणार. उजव्याची नक्कल करून पाहिली, तर शेळी खेळण्यातली दिसू लागली. तीन आठवडे अडले आहे.

चाळीस वर्षं कपडे शिवलेस, कॉलरच्या चुण्या तरी शिकव. बाबा म्हणतात, वर्षभर तू उंबरठा ओलांडलेला नाहीस. प्रदर्शनाला येशील ना?

लोभ असू दे, रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.
तुझी भाची

११ जानेवारी

चि. चिखलाबाईस,
अनेक आशीर्वाद.

कागदी नमुना सोबत आहे. चुण्या आधी कापडावर पाडून बघ, नाहीतर कॉलरऐवजी कोबीचा गड्डा होईल. आणि इतक्या जनावरांतून शेळीच सापडली? तिचं शेपूट ना माश्या हाकायला, ना लाज झाकायला.

गालाचं म्हणशील, तर मूर्ती भिंतीला लाव. मी तेच करते. अर्धांगाच्या झटक्याने तोंड डावीकडे ओघळल्यापासून दूधवाल्यालाही उजवा गालच दाखवते. लोक एकतर औषधं सुचवतात, नाहीतर नजर चुकवतात. मला दोन्ही सोसत नाही. मी येणार नाही.

वेळेवर जेवत जा.
आत्या

१९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जागा दालनाच्या मधोमध मिळाली आहे. विचारताना धीर होत नाही, तरी विचारते. तुझा डावा गाल शेळीला देशील? नाही म्हणालीस तर जागा बदलून तिला भिंतीला लावीन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही.

माया कमी करू नकोस.
भाची

३० जानेवारी

चि. चिखलाबाईस,
आशीर्वाद.

आठवडाभर मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. मग तुझ्या बापाला बोलावून फोटो काढून घेतले. दोन हलले आहेत, तिसरा वापर. डोळा ओघळलाय तसाच ठेव. सुंदर करशील तर खबरदार.

आत्या

६ मार्च

चि. चिखलाबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा मी येऊन गेले. तू पाहुण्यांत होतीस, हाक मारली नाही. खांबाआड उभी होते, अर्थात उजवा गाल बाहेर. लोक कॉलर बघून हसत पुढे यायचे, डावीकडे आले की हसू मावळायचं. नजर मात्र कुणी चुकवली नाही. एक बाई तर त्या गालापुढून हलेचना. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, की ही कुणावरून घडवली असेल. मी खांबाआडून बाहेर आले, डावा गाल तिच्याकडे केला आणि म्हटलं, माझ्यावरून.

मागची एक चुणी उलटी पडली आहे. रविवारी शिकवायला येते. गाडीत डावीकडची खिडकी धरीन, डावा गाल रस्त्यावरच्यांना दिसू दे.

लोभ आहेच, बाकीचा समोर बसून.
तुझी आत्या